तलावाच्या पाळीवर अनवाणी

आमच्या नगर परिषदेच्या सभागृहात खुर्च्यांच्या दोन रांगा आहेत. टेबलाभोवतीच्या गादीच्या खुर्च्या पार्षदांच्या. मध्य प्रदेशात नगरसेवकाला पार्षद म्हणतात. मागे भिंतीला टेकवलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या महिला पार्षदांच्या नवऱ्यांच्या. ही मागची रांग ठेवू नका, असा हुकूम वरून अधूनमधून येतो. मग एका सभेपुरत्या त्या खुर्च्या व्हरांड्यात जातात आणि पुढच्या सभेला आपोआप आत येतात. नवरेही आपोआप आत येतात. त्यांना 'पार्षदपती' म्हणतात आणि त्यांना ते फार आवडतं.

माझा नवराही त्यातलाच. निवडणुकीला उभं राहायचं होतं यांना. पण आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला आणि पोस्टरवर माझा फोटो आला. त्याच्या बाजूला यांचा, माझ्यापेक्षा मोठा. निवडून आले तेव्हा हार यांच्या गळ्यात पडले, माझ्या हातात एक नारळ आला. यांचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. माणूस वाईट नाही, बोलका आहे, कोणाची मोटर जळली तर जेवण टाकून जाईल. पण त्या मागच्या खुर्चीवर बसला की छाती थोडी जास्तच पुढे येते.

माझं माहेर गोंदियाकडचं, शिक्षण मराठीतलं. लग्न होऊन वैनगंगेच्या या बाजूला आले तेव्हा कळलं की इथे चुलीपाशी मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी. मुलं तर आता चुलीपाशीही हिंदीच बोलतात. पहिल्या सभेत माझी बोबडी वळली. बड्या बाबूंनी, म्हणजे मुख्य कारकुनांनी, प्रस्ताव वाचला, वॉर्डाचा नंबर घेतला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडेपर्यंत मागून आवाज आला, "सहमत." मी मान हलवली. तेव्हापासून तीच रीत पडली. बाबू आमच्या वॉर्डाचा नंबर घेत आणि माझ्या डोक्यावरून थेट भिंतीकडे पाहत. पुढे माझी हिंदी चांगली सुधारली, पण बाबूंची नजर काही खाली आली नाही. घरी मी यांना चिडवायचे की माझ्याऐवजी माझी ओढणी खुर्चीवर ठेवली तरी परिषद चालेल. हे हसायचे. मीही हसायचे, पण मला राग यायचा. खोटं कशाला सांगू.

आमच्या वॉर्डाच्या टोकाला तलाव आहे. त्याची मातीची उंच पाळ, म्हणजे बांध, एका टोकाला विहारापर्यंत जाते आणि दुसऱ्या टोकाला बाजाराच्या रस्त्याला लागते. बाजारात जायचा जवळचा रस्ता तोच. सासूबरोबर मी पहिल्यांदा त्या पाळीवरून गेले तेव्हा पाळ सुरू होताच तिनं चपला काढून हातात घेतल्या आणि रस्त्याला लागल्यावर परत पायात घातल्या. मला नवल वाटलं. आम्ही बौद्ध. पाळीवर कुठलं देऊळ नाही, शेंदूर लावलेला दगडसुद्धा नाही. काटे, गोटे, म्हशींचं शेण, सगळं तुडवत ही अनवाणी का चालते? विचारलं तर म्हणाली, "असंच." आमच्या मोहल्ल्यातल्या तिच्या वयाच्या आणखी दोन-तीन जणी तसंच करायच्या. म्हाताऱ्या बायकांची खोड असेल म्हणून मी सोडून दिलं.

मग परिषदेत तलावाच्या सौंदर्यीकरणाची गोष्ट निघाली. हे घरी आले ते हरखूनच. जेवताना सगळं रंगवून सांगितलं: पाळ मशीननं खोदून सपाट करणार, वर रंगीत पेव्हर ब्लॉक, फिरायला ट्रॅक, बाकं, दिवे, आणि बाजाराच्या तोंडाशी गावाच्या नावाची लाल अक्षरं, फोटो काढायला. आपल्या वॉर्डाचं नशीब उघडलं, असं म्हणाले. सासूनं घास खाली ठेवला. पोट भरलं म्हणाली आणि उठली.

दुसऱ्या दिवशी हे दुकानात गेल्यावर ती अंगणात पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलत बसली होती. मी समोर बसले. मीही शेंगा सोलायला घेतल्या. मग ती मान वर न करता म्हणाली, "बाई, त्या पाळीत माही पोरगी आहे."

मला आधी समजलंच नाही. मग तिनं हळूहळू सांगितलं. यांच्या आधीची मुलगी. नाव ठेवायच्या आतच गेली. आमच्याकडे एवढ्या लहान जिवाला जाळत नाहीत, पुरतात. सासऱ्यांनी तिला आपल्या पंच्यात गुंडाळलं, एका मित्राला सोबत घेतलं आणि पाळीकडे गेले. मोहल्ल्यातली लहान लेकरं तिथेच ठेवायची रीत होती. वर दगड, दगडावर बोरीच्या काट्या, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून. खूण ठेवायची नाही. आणि आईला जागा सांगायची नाही. सांगितली तर ती तिथे जाऊन बसेल, उठणार नाही, म्हणून. आईनंही विचारायचं नसतं. सासूनं विचारलं नाही. सासरे गेले, त्यांच्यासोबत ती जागाही गेली.

"म्हून चपला काढते," ती म्हणाली. "कोठी पाय पडन, काय माहीत."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. इतकी वर्षं मी त्या पाळीवरून चपला फटफट वाजवत जात होते.

तिचं मागणं साधं होतं. पाळ खोदू देऊ नको. आणखी एक, यांना सांगायचं नाही. हे घरातले थोरले म्हणून वाढले. मेलेल्या लेकराचं नाव जित्या लेकरापुढे काढू नये, असं तिला तिच्या सासूनं बजावलं होतं, आणि ते तिनं आजवर पाळलं होतं. मी म्हटलं, मग सभेत मी काय सांगू? ती म्हणाली, "तू पार्षद आहेस न. तुले बोलता येते." या घरात मला कोणी पार्षद म्हटल्याचं मला तरी त्याआधी आठवत नाही.

सभेला जाताना मी मनाशी ठरवून गेले की खरं कारण न सांगताच काम करायचं. झाडांचं सांगायचं, मातीचं सांगायचं, पाळ फुटायची भीती घालायची. सासूचा शब्दही राहील आणि पाळही. मी स्वतःवर खूश होते.

त्या दिवशी यादीत बरंच काही होतं. दिवाळीनंतरच्या मंडईचं, म्हणजे जत्रेचं, मैदान, दंडारीचा, म्हणजे लोकनाट्याचा, मंच कुठे बांधायचा, गणपती विसर्जनाची व्यवस्था, जयंतीच्या मिरवणुकीच्या रस्त्यावरचे दिवे. मंडईवरच सगळा वेळ गेला. दंडार कोण बघतं हा प्रश्नच नव्हता, मंचावर कोणता पाहुणा कोणाच्या बाजूला बसणार यावर लोक तावातावानं बोलत होते. तेवढ्यात समोसे आले. समोसे आले की सभा आटोपायला लागते. बाबूंनी उरलेले प्रस्ताव एकत्रच वाचायला घेतले, नाली, हातपंप, तलाव, शेड, सगळं एका दमात, आणि एकेका वॉर्डाचा नंबर घेत गेले. आमचा नंबर आला. बाबूंनी माझ्या डोक्यावरून पाहिलं.

"सहमत," मागून आवाज आला.

मी उठून उभी राहिले. हे मागून हळूच म्हणाले की झालं, बस. मी बसले नाही. तलावाबद्दल बोलायचं आहे, म्हटलं. अध्यक्षांनी हातातला समोसा बशीत ठेवला आणि बोला म्हणाले. ते नेहमीच अदबीनं वागतात, तीच तर पंचाईत आहे. मी झाडांचं सांगितलं. बालाघाटहून आलेल्या इंजिनिअरनं सांगितलं की जेवढी तुटतील त्याहून जास्त लावू. मी मातीचं सांगितलं. त्यानं सांगितलं की दगड लावून पाळ उलट पक्की होईल. मी म्हटलं, ट्रॅक रस्त्याच्या बाजूनं न्या. तो म्हणाला, ती जागा परिषदेची नाही. प्रत्येक गोष्टीला त्याच्याकडे उत्तर होतं आणि प्रत्येक उत्तर बरोबर होतं. माझ्याजवळची सगळी कारणं संपली. उरलं ते एकच.

मी एकदा मागे पाहिलं. हे ओशाळून बाजूच्या पार्षदपतीकडे बघून हसत होते, बायको आज अशी काय करते, अशा अर्थानं. मला रडू आलं आणि हिंदी पार निघून गेली.

"त्या पाळीत आमचे लेकरं पुरले आहेत," मी म्हटलं.

तिथे मराठी कळत नाही असं कोणी नव्हतं. टेबलाभोवतीचे अर्धेअधिक पुरुष माझ्या नवऱ्यापेक्षा मोठे होते. त्यांच्यापैकी कोण कधी पंच्यात काही गुंडाळून त्या पाळीकडे गेलं असेल, हे मला तेव्हा पहिल्यांदा सुचलं. सगळे आपापल्या बशीकडे पाहत होते. इंजिनिअर तेवढा माझ्याकडे पाहत होता. तो बाहेरचा होता आणि खरं सांगायचं तर तोच सगळ्यांत नीट वागला.

"जगह बता दीजिए मैडम," तो म्हणाला, "उतनी छोड़ देंगे."

एवढं चांगलं उत्तर येईल, असं मी धरलं नव्हतं. पण जागा सांगायची कशी? कुठे आहेत ते कोणालाच माहीत नाही, कारण ते कोणाला माहीत नसावं म्हणूनच तर सगळी रीत होती. मी म्हटलं, पूर्ण पाळ. तो कसनुसा हसला. पूर्ण पाळ कशी सोडणार?

समोर परिषदेतले सगळ्यांत वयस्कर पार्षद बसले होते. सासऱ्यांचे मित्र. त्या दिवशी सासऱ्यांबरोबर पाळीवर गेलेले तेच, हे मला सासूनं सांगितलं होतं. मी त्यांच्याकडे पाहत राहिले. त्यांनी चहाचा कप उचलला, तो रिकामा होता, तरी त्यातून घोट घेतला आणि खाली ठेवला. अध्यक्ष म्हणाले की मॅडमच्या भावनेचा आदर आहे, काम सांभाळून केलं जाईल. बाबूंनी पुढच्या वॉर्डाचा नंबर घेतला. प्रस्ताव सर्वसंमतीनं पास झाला, म्हणजे माझ्याही संमतीनं, कारण आमच्या वॉर्डाचं 'सहमत' आधीच आलं होतं.

जिन्यात त्या म्हाताऱ्या पार्षदांनी मला गाठलं. कठडा धरून उभे होते.

"मी सांगतलं असतं, सूनबाई," ते म्हणाले, "पन मलेच आठवत नाही. तवा तिथं पळसाचे झाडं होते. एका झाडाजवळ ठेवलं. आता झाडच नाही, तर कोठी दाखवू?"

मला त्यांच्यावर चिडायचं होतं, तशी तयारीच करून मी जिना उतरत होते. पण ते डोळे पुसायला लागले. त्यांचंही एक तिथे होतं. त्यांनी ते सांगितलं नाही, पण मला कळलं.

आम्ही मोटरसायकलवर घरी निघालो. बाजाराच्या वळणावर यांनी गाडी हळू करून विचारलं, "कोनाचे लेकरं?" मी म्हटलं, घरी चला, मायला विचारा. मोडलेला शब्द आणखी काय मोडायचा? यांनी गाडी पाळीवरून घेतली नाही, लांबच्या रस्त्यानं घेतली.

सासू ओट्यावर बसली होती. आमचे चेहरे पाहूनच तिला समजलं. हे तिच्यासमोर उकिडवे बसले आणि काही विचारायच्या आत तीच बोलली.

"पोरगी होती. तुह्या आधीची."

हे तिच्या पायांकडे पाहत होते. टाचा फाटलेल्या, त्यांत माती बसलेली. लहानपणापासून आईला त्या पाळीवरून अनवाणी चालताना यांनी किती वेळा पाहिलं असेल.

"मले काहून नाही सांगतलं, माय?"

"तुले जगवाचं होतं," ती म्हणाली.

तिनं मला एका शब्दानंही दोष दिला नाही. रात्री तिनं भाकर खाल्ली, यांनी खाल्ली नाही.

पोळ्यानंतर पाऊस उघडला आणि मशीन आलं. यांनी दुकानाचं शटर पाडलं आणि पाळीवर जाऊन उभे राहिले. दिवसभर. दुसऱ्या दिवशीही. ड्रायव्हरला चहा देत, हळू खोद म्हणत, मातीचा प्रत्येक ढीग वाकून पाहत. लोकांना वाटलं, पार्षदपती कामावर लक्ष ठेवतो आहे, ठेकेदाराकडून काहीतरी हवं असेल. सासू घरातच होती. मशीनचा आवाज आमच्या अंगणापर्यंत यायचा. ती पातेली घासायची, घासलेली पुन्हा घासायची. मातीत काही निघालं का, ते मी यांना विचारलं नाही. यांनीही सांगितलं नाही. एका संध्याकाळी हे घरी आले, न्हाणीत गेले आणि पाणी पडायचा आवाज बराच वेळ आला नाही. एवढंच मला माहीत आहे.

ट्रॅक छान झाला. खरंच छान झाला, नाव ठेवायला जागा नाही. लाल अक्षरांसमोर पोरीबाळी फोटो काढतात, सकाळी लोक बूट घालून फेऱ्या मारतात. सासू महिनाभर तिकडे गेली नाही. मग एका सकाळी निघाली. मी सोबत होते. ट्रॅक सुरू होतो तिथे लोखंडी गेट आहे. तिनं गेटाशी चपला काढल्या, हातात घेतल्या आणि पेव्हर ब्लॉकवरून टोकापर्यंत गेली. मागून येणाऱ्या पोरांनी तिला वळसा घातला. त्या बाकीच्या जणीही मग यायला लागल्या. सगळ्या अनवाणी, चपला हातात. एकमेकींशी त्या कधी बोलल्या की नाही, मला माहीत नाही. त्यांनी एकमेकींना विचारावं, असं काही राहिलंही नव्हतं.

पुढच्या एका सभेत अध्यक्षांनी मोठ्या कौतुकानं सांगितलं की तलावावर म्हाताऱ्या बायका सकाळी अनवाणी चालतात, तब्येतीची केवढी जाण आहे. अशा नागरिकांसाठी ट्रॅकच्या कडेनं गोल खड्यांची पट्टी बसवावी, खडे तळपायाला टोचले की रक्त खेळतं, मोठ्या शहरांत असं असतं. सगळ्यांना पसंत पडलं. अध्यक्षांच्या मनात काही वाकडं नव्हतं. ते बिचारे विसरून गेले होते.

बाबूंनी आमच्या वॉर्डाचा नंबर घेतला आणि माझ्या डोक्यावरून भिंतीकडे पाहिलं. हे मागे बसलेले होते. तलावाच्या सभेनंतर पहिल्यांदाच आले होते. मागून 'सहमत' आलं नाही.

"मॅडमले विचारा," हे म्हणाले.

बाबूंची नजर खाली आली. मी बसूनच म्हटलं, असहमत. कारण विचारलं गेलं. मी म्हटलं, कारण तलावाच्या सभेत सांगितलं आहे. अध्यक्षांनी आधी काही न कळून पाहिलं, मग त्यांना आठवलं. समोरच्या म्हाताऱ्या पार्षदांनी मान वर न करता हात वर केला आणि तसाच ठेवला. खड्यांचा प्रस्ताव मागे घेतला गेला. परिषदेत आजवर मी अडवलेलं काम एवढंच. पाळ मला अडवता आली नाही, हे रोज सकाळी त्या गेटाशी मनात येतं आणि जात नाही.

घरी आलो तेव्हा सासू ओट्यावरच होती. काय झालं सभेत, तिनं मला विचारलं, यांना नाही. मी सांगितलं की पाळीवर खडे बसवणार होते, टोचणारे, ते आता बसवणार नाहीत.

"बरं केलं, बाई," ती म्हणाली. "तिलेही टोचले असते."